पावसाळ्यानंतर प्रोजेक्टरचे पडदे उघडताना: तपासणी, सफाई आणि साठवण (कोल्हापूर परिसर)

रंकाळाकाठ:

नमस्कार मंडळी. पाऊस ओसरला, दसरा झाला. आता आमच्या फिल्म क्लबचे खेळ पुन्हा सुरू होतील. जूनपासून गुंडाळून ठेवलेले पडदे या आठवड्यात बाहेर काढतोय, म्हणून हा धागा. शाळा, तालमी, मंडळं, भाड्याने सामान देणारे, ज्यांच्याकडे सुटा पडदा आहे त्या सगळ्यांनी इथे लिहा.

माझं ठाम मत आधीच सांगते. पडदा वापरून फारसा खराब होत नाही, तो खराब होतो बंद असताना. कोल्हापुरात चार महिने हवा ओली असते. त्यात पडदा घाईने, थोडा दमट, धूळ-घामासकट गुंडाळला की आतल्या आत बुरशी धरते आणि उघडेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. प्रोजेक्टरच्या दिव्याची, लेन्सची काळजी सगळे घेतात. पडद्याला मात्र कोपऱ्यात उभा करून त्याच्यावर सतरंज्या रचतात. ज्या गावात 1929 साली प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली, त्या गावात तरी पडद्याला हा मान नको.

आमच्याकडे चार पडदे आहेत. एक 8×6 फुटांचा तिपाईवरचा मॅट, म्हणजे न चकाकणारा, पांढरा. एक खूप जुना, स्लाइड प्रोजेक्टरच्या काळातला, तोही तिपाईचा, पण त्याचा पृष्ठभाग चकाकतो. एक 12×9 फुटांची घडीची ॲल्युमिनियम चौकट, तिला टिचबटणांनी पडदा लागतो. आणि एक ताणला जाणारा कापडी.

तपासणी मी अशी करते. खोली झाडून, फरशी पुसून, वाळल्यावरच पडदा उघडायचा. उघडताना सावकाश, दर हातभर थांबून वास घ्यायचा. कुबट वास आला की डाग दिसण्याआधीच कळतं. पूर्ण उघडल्यावर दोन वेळा बघायचं. एकदा प्रोजेक्टरने कोरा पांढरा प्रकाश टाकून: पिवळेपणा, डाग, बोटांचे ठसे यात दिसतात. दुसऱ्यांदा खोली अंधारी करून टॉर्च पडद्याला जवळजवळ चिकटवून आडवी धरायची: सुरकुत्या, खळगे, कडेच्या लाटा यात दिसतात, समोरून बघून कधीच दिसत नाहीत. काळ्या पाठीचा पडदा असेल तर मागे दिवा धरून टाचणीएवढी भोकं शोधायची.

आता प्रश्न. जुन्या चकाकणाऱ्या पडद्यावर राखाडी ठिपके आलेत, तो पुसावा का? मोठ्या पडद्यावर गेल्या मोसमातला गुलाल बसलाय, तो कसा काढायचा? आणि साठवणीबद्दल जे जे माहीत आहे ते सांगा.


पेठेतला_मंडपवाला:

ताई, गुलालाचं आम्हाला विचारा. मिरवणूक असू दे न्हाईतर फुटबॉलची फायनल, गुलाल उडाल्याबिगर कोल्हापुरात काय पार पडत न्हाई. जोतिबाच्या बाजूला कार्यक्रम असला तर मग बघायलाच नको.

एक गोष्ट ध्यानात ठेवा: गुलालाला पाणी लावायचं न्हाई. आधी कोरडंच काढायचं. पडदा उभा ताणून ठेवायचा, मागनं हलक्या हातानं टिचक्या मारायच्या, सुटा गुलाल खाली पडतोय. मग मऊ केसाचा रुंद ब्रश, वरनं खाली. घासायचं न्हाई, नुसतं झटकायचं. ब्लोअर असला तर लांबनं, कमी जोरावर. सगळं कोरडं निघाल्यावरच ओलं फडकं. आमच्या धंद्यातली नवी पोरं पहिल्यांदाच ओलं फडकं मारत्यात आणि रंग पाण्यात विरघळून आख्खा पडदा गुलाबी करत्यात. तो मग जन्मात निघत न्हाई.

किड्यांचंबी तेच. उघड्यावर रातचा खेळ असला की दिव्याच्या उजेडाला किडे पडद्यावर येऊन बसत्यात. त्यांना हातानं मारू नका, डाग पडतोय. वाळले की दुसऱ्या दिवशी आपसूक झटकले जात्यात.

आणि आमच्या लाइनीत एक नियम हाय: गाडीत पडद्यावर काय ठेवायचं न्हाई. स्पीकर न्हाई, वायरीचं बंडल न्हाई, खुर्ची न्हाई. नळीला एकदा पोक आला की पडदा सरळ पडतच न्हाई.


कळंबा_फिजिक्स:

रंकाळाकाठ ताई, तुमच्या जुन्या पडद्याला हात लावण्याआधी थांबा. तो काचमण्यांचा असण्याची दाट शक्यता आहे. या पडद्यांवर काचेचे बारीक मणी चिकटवलेले असतात. ओळखायची सोपी खूण अशी: अंधाऱ्या खोलीत टॉर्च आपल्या डोळ्याशेजारी धरा आणि पडद्यावर टाका. पडदा एकदम लख्ख दिसला, आणि टॉर्च तशीच धरून शेजारी चार पावलांवर उभ्या असलेल्या माणसाला तो तितका उजळ दिसला नाही, तर तो काचमण्यांचा. हे मणी प्रकाश जिकडून आला तिकडेच परत पाठवतात. मॅट पांढरा पडदा सगळीकडे सारखा पसरवतो.

म्हणूनच जुन्या, कमी उजेडाच्या प्रोजेक्टरना हे पडदे चालायचे. मधल्या रांगांना चित्र मॅटच्या जवळपास दुप्पट उजळ दिसतं, कडेच्या रांगांना मात्र मंद. प्रोजेक्टर छताला टांगला तर उजेडही बराचसा वरच परत जातो. तेव्हा हा पडदा वापरायचा असेल तर प्रोजेक्टर टेबलावर, प्रेक्षकांच्या डोक्याच्या उंचीला ठेवा.

सफाईचं उत्तर कडू आहे. काचमण्यांचा पडदा धुता येत नाही. पाणी, साबण, ओलं फडकं, काहीच नको. घासलं की मणी निखळतात आणि तिथे कायमचा काळपट चट्टा राहतो. बोटाचा घामही डाग सोडतो, म्हणून नेहमी काळ्या कडेलाच धरायचं. करता येण्यासारखं एकच आहे: अगदी मऊ, कोरडा ब्रश, हलक्या हाताने. राखाडी ठिपके बुरशीचे असतील तर ब्रश बाहेर मोकळ्या हवेत, तोंडाला मास्क लावून फिरवा. ठिपके त्यानंतरही राहिले तर समजा की ते थरात शिरलेत. ते निघणार नाहीत.

चंदेरी किंवा करड्या लेपाच्या, उजेडात चालणाऱ्या नव्या पडद्यांनाही हेच लागू. लेप नाजूक असतो. बनवणाऱ्याने दिलेला कागद वाचल्याशिवाय पाणी लावू नये.


शाळा_गगनबावडा:

सर, बरं झालं लिहिलंत. आमच्याकडे जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पाऊस. वर्गातला भिंतीवरचा स्प्रिंगचा पडदा आहे, मॅट पांढरा, पाठ काळी. खालच्या पट्टीजवळ बुरशीचे काळे ठिपके आहेत, आणि तो आता पूर्ण वर जात नाही, अर्ध्यात अडकतो. नवीन घ्यायला पैसे नाहीत. हा वाचेल का?


रंकाळाकाठ:

वाचेल, मास्तर. मॅट पांढरा प्लॅस्टिकचा पडदा धुता येतो, तोच एक खऱ्या अर्थाने धुता येतो.

पद्धत सांगते. आधी पूर्ण खाली ओढून ब्रशने दोन्ही बाजू कोरड्या झटका. हे खोलीत नको, शक्य असेल तर पडदा काढून व्हरांड्यात. मग कोमट पाणी अर्धी बादली, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे मोजके थेंब. फेस दिसला म्हणजे जास्त झालं. मऊ सुती किंवा मायक्रोफायबरचं फडकं घट्ट पिळून, वरून खाली सरळ रेषेत फिरवायचं. गोल गोल घासायचं नाही, त्याने पृष्ठभाग चकाकतो आणि चित्रात तो चट्टा दिसतो. एका ठिकाणी जोर द्यायचा नाही. फडकं मळलं की बदला. मग दुसऱ्या फडक्याने नुसत्या पाण्याने तसंच, म्हणजे साबणाचा थर राहणार नाही. राहिलेला साबण धूळ धरतो.

आणि वाळवणं. इथे घाई करू नका. सावलीत, पंख्याखाली, दोन्ही बाजू. हाताला कोरडा लागला तरी लगेच गुंडाळू नका, खालच्या पट्टीच्या शिवणीत आणि कडेच्या दुमडीत पाणी उशिरा वाळतं, बुरशी नेमकी तिथूनच सुरू होते. रात्रभर उघडा ठेवा. कडक उन्हात मात्र टाकू नका, पडद्याचं प्लॅस्टिक (पीव्हीसी) पिवळं पडतं आणि कडक होतं. इस्त्री तर अजिबात नाही.

एवढं करूनही खालचे ठिपके राहिले तर एक युक्ती आहे. तुमचा पडदा बहुधा जुन्या 4:3 (रुंदी:उंची) आकाराचा असेल. हल्लीचे प्रोजेक्टर 16:9 चित्र टाकतात. 8 फूट रुंदीला ते चित्र साडेचार फूटच उंच होतं, म्हणजे 6 फूट उंचीच्या पडद्यावर दीड फूट मोकळा राहतो. चित्र वरच्या बाजूला लावा आणि डागाळलेली खालची पट्टी वापरातून सोडून द्या. मुलांना काही कळणारही नाही.


उद्यमनगर_वर्कशॉप:

मास्तर, अडकणाऱ्या पडद्याबद्दल. नळीच्या आत लांब स्प्रिंग असते आणि एका टोकाला खाचांचं चाक व त्यात पडणारी छोटी जीभ. पडदा अर्ध्यात राहतो याची नेहमीची दोन कारणं: स्प्रिंगचा ताण कमी झालाय, किंवा दमट हवेने गंज आणि धूळ बसून जीभ चिकटलीय. आधी दुसरं तपासा, टोकाची टोपी पुसून कोरडी करा. तेल ओतू नका, ते झिरपून पडद्यावर येतं.

ताण वाढवायचा असेल तर टोकाची चपटी पिन पकडीने घट्ट धरून फिरवावी लागते. हे काम एकट्याने करायचं नाही. पिन हातातून सुटली तर पूर्ण ताण एका क्षणात सुटतो, बोट जाऊ शकतं. उद्यमनगरात कुणाही जाणत्या फिटरकडे न्या, काम लांबचं नाही.

आणि मुलांना एक सांगून ठेवा: पडदा सोडून द्यायचा नाही, हाताने धरून वर पोहोचवायचा. तो आपोआप फडाफड वर जाताना बघायला मजा वाटते, पण त्याच दणक्याने कड उसवते, जीभ झिजते आणि पडदा तिरका गुंडाळला जातो. तिरका गुंडाळला की कडेला लाटा येतात. थोड्या लाटा असतील तर पडदा गरम खोलीत दोन-तीन दिवस पूर्ण उघडा लटकवून ठेवा, बऱ्याच बसतात.

आता घडीच्या चौकटीबद्दल. पडदा लावण्याआधी रिकामी चौकट जमिनीवर मांडा आणि दोन्ही कर्ण टेपने मोजा. 12×9 च्या चौकटीत दोन्ही 15 फूट यायला पाहिजेत. सारखे आले नाहीत तर कुठलंतरी बिजागर वाकलंय किंवा खिळा सैल आहे. तसाच पडदा ताणला तर एका कोपऱ्यातल्या टिचबटणांवर सगळा ताण येतो आणि ती उपटतात. टिचबटण तुटलंच तर घरी दाभणाने भोकं पाडत बसू नका. चामड्याचं काम करणाऱ्या कारागिराकडे योग्य मापाचा ठसा असतो, तो पाच मिनिटांत बसवून देतो. बटण लावताना आणि काढताना बोट बटणाच्या अगदी शेजारी ठेवा, पडद्याची कड धरून ओढू नका.


पेठेतला_मंडपवाला:

वर्कशॉपवाले दादा, कर्णाचं लई भारी सांगितलंत. आमची पोरं नजरेनंच चौकट लावत्यात.


इचलकरंजीकर:

कापडी पडद्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ताणले जाणारे पडदे बहुतेक पॉलिएस्टर आणि स्पॅन्डेक्सचे असतात. ते थंड पाण्यात, सौम्य साबणाने, हाताने धुता येतात. पिळायचं नाही, दाबून पाणी काढायचं. सावलीत आडवे पसरून वाळवायचे. दोरीवर टांगले तर ओल्या वजनाने एका बाजूला ताणले जातात. ब्लीच आणि कपड्यांचा मऊपणा वाढवणारं द्रव दोन्ही टाळा. चुण्या असतील तर ताणून लावल्यावर निम्म्या जातात, उरलेल्यांवर लांबून वाफ द्या.

नवीन घेणाऱ्यांना सुचवीन: वाहतूक जास्त असेल तर कापडी घ्या. चित्र प्लॅस्टिकएवढं नेमकं नसतं, उजेड आरपारही जातो, मागे भिंत फिकी असेल तर ते जास्त जाणवतं. पण घडी घालून पिशवीत मावतो आणि धुता येतो, आपल्या हवेत ही फार मोठी गोष्ट आहे.


शाहूपुरी_ऑडिओ:

मी मॅट पडद्यावरचे मार्करचे डाग स्पिरिटने काढतो. कापसाला लावून हलकेच. काही होत नाही.


कळंबा_फिजिक्स:

दादा, इथे माझा विरोध आहे. काही कंपन्या त्यांच्या ठरावीक पडद्यांसाठी पातळ केलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलला परवानगी देतात हे खरं. पण बाजारात स्पिरिट म्हणून मिळणाऱ्या बाटलीत काय मिसळलेलं आहे हे आपल्याला कळत नाही, आणि आपल्या हातातल्या जुन्या पडद्याचा लेप कुठला हेही बहुतेकांना माहीत नसतं. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घातलेलं असतं ते अशा द्रावकांनी बाहेर खेचलं जातं. आज डाग गेलेला दिसतो, वर्षाने तिथेच पडदा कडक होऊन तडकतो. थिनर, ॲसिटोन, काच पुसायचं अमोनियाचं द्रव, ब्लीच: यांतलं काहीही नको. शाळांमध्ये सॅनिटायझर हाताशी असतो म्हणून तोच फवारला जातो, तोही नको.

मार्करचा डाग असेल तर पडद्याच्या काळ्या कडेजवळ, चित्राबाहेर, आधी बघा. तिथे रंग किंवा चकाकी बदलली नाही तरच पुढे जा. माझं मत विचाराल तर छोटा डाग तसाच ठेवावा. हलत्या चित्रात तो चौथ्या रांगेपासून दिसत नाही. घासून झालेला चकाकीचा चट्टा मात्र शेवटच्या रांगेपर्यंत दिसतो.


शाहूपुरी_ऑडिओ:

पटलं. स्पिरिट बंद. चिकटपट्टीचा गोंद राहिला असेल तर?


कळंबा_फिजिक्स:

नवी मास्किंग टेप बोटाला उलटी गुंडाळा आणि डागावर टेकवून उचला, टेकवून उचला. गोंद गोंदाला चिकटून येतो. धागे, केस यांनाही हेच. फक्त मॅट पडद्यावर, काचमण्यांवर कधीच नाही.


शिरोळ_पूरग्रस्त:

आमच्याकडचा प्रश्न वेगळा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीला आली की आमची हलवाहलव सुरू होते, 43 ला धोका पातळी. 2019 आणि 2021, दोन्ही पुरांत गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचं सामान भिजलं, त्यात पडदाही. पुराच्या पाण्यात भिजलेला पडदा वाचवता येतो का?


रंकाळाकाठ:

मॅट प्लॅस्टिकचा असेल आणि लवकर हाती लागला तर प्रयत्न करावा. गाळ वाळू देऊ नका. वाळलेला गाळ पुसला की तो पृष्ठभाग खरवडतो. आधी पाइपने कमी जोराचं स्वच्छ पाणी सोडून गाळ वाहून जाऊ द्या, फडकं त्यानंतर. पुराच्या पाण्यात सांडपाणी असतं, हातमोजे घाला. स्प्रिंगच्या नळीत पाणी गेलं असेल तर नळी उघडून वाळवल्याशिवाय पडदा त्यावर गुंडाळू नका, गंजाचे तांबडे डाग मग पडद्यावर उतरतात. काचमण्यांचा भिजला असेल तर सोडून द्या. त्याच्या तिपाईवर नवीन कापड चढवता येतं, लोखंड फुकट घालवू नका.

आणि पूररेषेतल्या गावांनी पावसाळ्यात पडदा तळमजल्यावर ठेवूच नये. इशारा पातळीची वाट न बघता जूनच्या सुरुवातीलाच वर हलवा. त्या दिवशी लोकांना माणसं आणि जनावरं हलवायची असतात, पडद्याकडे कोण बघणार.


उद्यमनगर_वर्कशॉप:

उघड्यावर खेळ करणाऱ्यांसाठी वाऱ्याचा हिशोब देतो, कारण पडदे फाटतात ते बहुतेक वाऱ्याने. 12×9 म्हणजे साधारण 10 चौरस मीटर. ताशी 40 किलोमीटरचा वारा समोरून आला तर पडद्यावर पाऊणशे किलोच्या वर जोर येतो. वारा दुप्पट झाला की जोर चौपट. तिपाईवरचा 8×6 घेतला तरी याच वाऱ्यात 30-35 किलोचा ढकला बसतो, आणि तिपाईचं स्वतःचं वजन किती असतं ते तुम्हाला माहीत आहे. तिपाईचा पडदा मैदानात उभा करू नका, कितीही विटा ठेवा. चौकटीला पुढून-मागून चारही दोर हवेत, खुंट्या पक्क्या, आणि झुळूक वाढली की खेळ थांबवून पडदा उतरवायला एक माणूस फक्त त्याच कामाला.


तिटवे_वाडी:

साठवणीचं राहिलं. डांबराच्या गोळ्या ठेवल्या तर चालतात का? आमच्याकडे झुरळं आणि उंदीर दोन्ही.


कळंबा_फिजिक्स:

डांबराच्या गोळ्या नकोत, त्यांची वाफ काही प्लॅस्टिकना मऊ करते. रबरबँडही नकोत. रबर पीव्हीसीला चिकटून राहिलं की तपकिरी डाग पडतो आणि तो निघत नाही. बांधायला सुती पट्टी घ्या. आत वर्तमानपत्र घालू नका, शाई उतरते.

बुरशीसाठी खोलीतला दमटपणा महत्त्वाचा. साधं डिजिटल आर्द्रतामापक मिळतं, ते पडद्यांशेजारी ठेवा. आकडा 60 टक्क्यांच्या वर राहिला की काळजी घ्या. पेटीत सिलिका जेलच्या पिशव्या टाका. निळे दाणे असतील तर ओल धरल्यावर ते गुलाबी होतात. गरम करून वाळवले की पुन्हा निळे. ते अन्नाच्या भांड्यांत किंवा मुलांच्या हाताशी नकोत. पण सिलिका जेल बंद पेटीतच काम करतं. उघड्या माळ्यावर टाकून उपयोग नाही.


रंकाळाकाठ:

आमची व्यवस्था सांगते. जमिनीपासून हातभर उंच लाकडी फळी, भिंतीला टेकवायचं नाही, कारण ओल आणि वाळवी दोन्ही भिंतीतून येतात. लांब नळ्या आडव्या, खाली तीन-चार ठिकाणी आधार. फक्त दोन टोकांवर ठेवली तर लांब नळी मधे वाकते. तिपाईचे पडदे बंद करून उभे चालतात, पण कोपऱ्यात अडकवून ठेवा, पडले की पाय वाकतात. घडीचा पडदा चित्राची बाजू आत घेऊन सैल घडी घालायची, आणि दर वेळी घडीची जागा बदलायची. एकाच रेषेवर वर्षानुवर्षं घडी पडली की तिथे लेप तुटतो. मागून प्रकाश टाकायचा करडा पडदा असेल तर त्याच्या दोन्ही बाजू नाजूक समजा.

उंदरांसाठी पत्र्याची पेटी, दुसरा इलाज मला सापडलेला नाही. कार्यक्रमातला चिवडा, पेढ्याचे खोके त्या खोलीत ठेवायचे नाहीत हे मात्र सगळ्यांना बजावलंय.

आणि पावसाळ्यातही पडदे उघडा. उघडीप मिळेल त्या दिवशी, महिन्यातून एकदा तरी, पंख्याखाली दोन-तीन तास. चार महिने बंद ठेवून दसऱ्याला तपासणी करण्यापेक्षा हे सोपं आहे.

कळंबा सर, टॉर्चची चाचणी काल रात्री केली. जुना पडदा काचमण्यांचाच निघाला. ब्रश फिरवला, निम्मे ठिपके गेले, बाकीचे राहिले. तो आता पुसणार नाही. लहान खोलीत, मधल्या रांगांपुरत्या खेळांना वापरू. मोठ्या पडद्यावरचा गुलाल मंडपवाल्या दादांच्या पद्धतीने रविवारी काढणार आहोत.


पेठेतला_मंडपवाला:

रविवारी सकाळी येतो ताई, ब्रश माझा घेऊन येतो. घोड्याच्या केसाचा हाय, मऊ. तुम्ही फक्त खोली झाडून ठेवा, आणि आम्ही येईस्तोवर पाण्याची बादली बाहेरच राहू दे.


शाळा_गगनबावडा:

पडदा व्हरांड्यात उतरवून धुतला. वरचे ठिपके गेले, खालच्या दीड फुटातले फिकट झाले. रात्रभर पंख्याखाली आहे. स्प्रिंग पुढच्या आठवड्यात उद्यमनगरात नेतो. नळी बसमधून आणायची म्हणजे टोकांना काय बांधू?


उद्यमनगर_वर्कशॉप:

दोन्ही टोकांना जुन्या सतरंजीचे तुकडे, वरून सुती दोरी. पडदा आतच राहू द्या, गुंडाळलेला. बसच्या टपावर देऊ नका, सीटखाली आडवी ठेवा. आणि चपट्या पिनेवर पकड लावून ठेवा, म्हणजे रस्त्यात धक्क्याने ताण सुटणार नाही.